ताकिदीचा थाळा

एका गावात एक भोळा ताकीदवाला होता. ताकीदवाला म्हणजे कोण, असं तुम्ही विचाराल. विचारा. तसा माणूस आता कुठे बघायला मिळत नाही, म्हणून सांगतो.

त्या गावाची रीत अशी होती. कुणी काही आगळीक केली की लगेच मारामारी नाही, दंड नाही, वाळीत टाकणं नाही. आधी ताकीद. पाटील पारावर बसून ठरवायचे, आणि ताकीदवाला काशाचा थाळा घेऊन त्या माणसाच्या दारात जायचा. थाळ्यावर टिपरी मारायचा. मग सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायचा, "ऐका हो ऐका! अमक्या, तू असं असं केलंस. गावाला रुचलं नाही. पुन्हा करू नकोस. चुकलं म्हण."

समोरच्याने "चुकलं" म्हणायचं. ते म्हटलं की ताकीदवाला कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढायचा आणि त्याच्या तोंडात घालायचा. कडू बोलून झालं, आता मनात कडू राहू नये म्हणून. गूळ खाल्ला की प्रकरण मिटलं. ती गोष्ट पुन्हा कुणी काढायची नाही. भांडणात नाही, थट्टेत नाही. सासूनेसुद्धा नाही.

आमच्या भोळ्याचं नाव गेनबा. त्याचा बाप हे काम फार सुरेख करायचा. बाप गेला आणि थाळा गेनबाकडे आला. थाळा ज्याच्या घरी, त्याच्या घरी सुगीला पाटलांकडून खळ्यावरचं धान्य यायचं. गेनबाला शेत नव्हतं, दुसरं काही येत नव्हतं. त्याची बायको सगुणा रोज सकाळी चिंच लावून थाळा लखलखीत घासायची आणि नवऱ्याच्या हातात देताना सांगायची, "अवो, ह्यो थाळा हाय म्हणून आपली चूल हाय. पाटील सांगतील तस्संच करा. आपल्या मनाचं काय बी घालू नका."

"न्हाई घालत," गेनबा म्हणायचा. आणि खरंच घालायचा नाही. घालण्याइतकं तिथे काही नव्हतंच.

गावचे नरसू पाटील मनाने वाईट नव्हते, पण तापट होते. त्यांच्याजवळ त्यांचा मेहुणा जयवंता दिवसभर बसून असायचा. त्याला काम नव्हतं. थाळ्यावर मात्र त्याचा डोळा होता.

पहिली ताकीद आली ती भागू म्हातारीच्या शेळीमुळे. शेळीने देवळापुढच्या वृंदावनातली तुळस मुळासकट खाल्ली.

पाटील म्हणाले, "गेनबा, तुळस कुणी खाल्ली ठाऊक आहे ना?"

"ठावं हाय जी."

"मग जा, ताकीद दे. खणखणीत दे."

गेनबा गेला. शेळी दावणीला रवंथ करत उभी होती. गेनबाने तिच्यासमोर उभं राहून थाळा वाजवला. "ऐका हो ऐका! शेळे, तू देवाची तुळस खाल्लीस. गावाला रुचलं न्हाई. पुन्हा करू नगंस. चुकलं म्हण."

शेळी काही म्हणाली नाही.

"चुकलं म्हण," गेनबा म्हणाला.

"बें," शेळी म्हणाली.

"बें न्हवं. चुकलं."

भागू म्हातारी शेतातून परत आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गेनबा शेळीसमोर उकिडवा बसून तिची समजूत घालत होता आणि भोवती सगळी आळी जमली होती. शेळीने तोवर पिशवीत तोंड घालून सगळा गूळ संपवला होता. पिशवीसुद्धा निम्मी खाल्ली होती.

पाटलांनी कपाळावर हात मारला. "अरे, त्या जनावराला काय कळतं? ज्याला कळत नाही त्याला ताकीद देऊन काय उपयोग? त्याला जो सांभाळतो, दाणापाणी घालतो, ताकीद त्याला द्यायची! शिरलं का डोक्यात?"

"शिरलं जी," गेनबा म्हणाला. आणि शिरलं. एकदा शिरलं की बाहेर काही यायचं नाही, असं ते डोकं होतं.

पुढची ताकीद तुका शिंप्याला होती. पाटलांनी त्याच्याकडे सदऱ्याचं कापड दिलं होतं. सदरा शिवून आला तेव्हा पाटलांचं पोट सदऱ्याबाहेर राहिलं, आणि त्याच दिवशी शिंप्याच्या पोराच्या डोक्यावर त्याच कापडाची नवी टोपी आली.

गेनबा शिंप्याच्या दारात गेला. थाळा वाजवला, कापड चोरल्याचं सांगितलं, चुकलं म्हण म्हणाला. शिंप्याने दातांत सुई धरली होती. तो नुसता बघत राहिला.

"कळतंय का तुला?" गेनबाने विचारलं.

शिंप्याने मान हलवली. सुई दातांत असताना मान जशी हलते तशी ती हलली, म्हणजे कशीही. गेनबाला ती नाही अशी वाटली.

"कळत न्हाई म्हणतंय," तो आळीला म्हणाला. "ह्याला सांभाळतं कोण? दाणापाणी कोण घालतं?"

"मी घालते की!" म्हणत शिंपीण पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

गेनबाने तिच्याकडे तोंड वळवून पुन्हा थाळा वाजवला. "ऐका हो ऐका! शिंपीणबाई, तुमी पाटलांचं कापड चोरलंत. गावाला रुचलं न्हाई. चुकलं म्हणा."

शिंपिणीने हातांचं पीठ झटकलं. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "बारशाच्या जेवणाला आले काय, ह्याला बघितलं काय, आन् हो म्हटलं काय. चुकलं, चुकलं, चुकलं!"

गेनबाने तिला गुळाचे तीन खडे दिले. रीतच होती.

त्या दिवशी शिंप्याने सुई गिळली नाही एवढंच. आता गूळ खाल्ल्यामुळे कापडाचं प्रकरण मिटलं होतं आणि पाटलांना आखूड सदरा घालूनच हिंडावं लागत होतं. ते पोट सावरत ओरडले, "अरे शहाण्या, जित्याजागत्या माणसाला आधी बोलू तर द्यायचं! ताकीद देण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं. शांतपणे. पूर्ण. मधे तोंड घालायचं नाही. कळलं?"

"पूर्ण. मधी तोंड घालायचं न्हाई," गेनबा म्हणाला.

"दाजी, मी असतो ना तर..." जयवंताने सुरुवात केली. पाटलांनी त्याला हाताने गप्प केलं. पण ते वाक्य पाटलांच्या कानात राहिलं, हे खरं.

मग उन्हाळा लागला आणि पाटाचं पाणी पाळीने मिळायला लागलं. एके सकाळी पाटलांच्या कांद्याची पाळी होती, आणि भाना ढमाल्याने बांध फोडून पाणी आपल्या वांग्यांत वळवलं.

"गेनबा, पळ!" पाटील म्हणाले. "ताकीद दे आणि पाणी सोडव!"

गेनबा धावत गेला. पाणी खळखळत वांग्यांत चाललं होतं. भाना खोऱ्याला टेकून विडी ओढत होता.

"भानाअण्णा, ताकीद हाय. पर आधी तुमचं म्हणणं सांगा."

भानाने गेनबाकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं. मग तो बांधावर ऐसपैस बसला. "बस गेनबा. माझं म्हणणं म्हणजे बघ, ह्याची सुरुवात आमच्या आज्यापासनं होते."

आज्यापासून सुरू झालेलं म्हणणं पणज्याकडे मागे गेलं, तिथून आत्याच्या लग्नात शिरलं, लग्नात मांडवाला आग लागली, मग ती कशी विझवली, मग त्या विहिरीला पाणी कसं लागलं होतं. गेनबा गुडघ्यांना मिठी मारून ऐकत होता. मांडवाच्या आगीपाशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वांग्यांत तर कधीच आलं होतं. वांगी भरून वाहिली, भानाची मिरची भिजली, भानाच्या भावाचं आळं भिजलं, आणि दिवस मावळताना भाना म्हणाला, "तर असं हाय बघ. चुकलं माझं. आण गूळ."

पाटलांचा कांदा वाळून कोळ झाला. पाटील बोलत नव्हते, फुत्कारत होते. "गेन्या! डोळ्यांदेखत चूक चाललीय आणि तू गोष्टी ऐकत बसतोस? चूक दिसली की तिथल्या तिथे थाळा वाजवायचा! तोंडावर सांगायचं! समोर कोण आहे हे बघायचं नाही. देव असू दे, नाहीतर मी असू दे!"

"तिथल्या तिथं. तोंडावर," गेनबा म्हणाला.

आता इथे मला पाटलांची खरोखर कीव येते. कारण पुढच्याच आठवड्यात त्यांच्या घरी यमुनाची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीची, सोयरीक ठरायची होती. मुलाचे वडील आबासाहेब निकम पलीकडच्या गावाहून आले होते. भिंतींना नवा चुना दिला होता. पुरण शिजत होतं. सगळा गाव राबायला आला होता, आणि गेनबा पाण्याची कळशी घेऊन उभा होता. थाळा पाठीला होताच.

आबासाहेबांनी पान खाल्लं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि नव्या चुन्याच्या कोपऱ्यात पिंक टाकली.

गेनबाने कळशी खाली ठेवली आणि थाळा काढला. असा वाजवला की आतल्या खोलीत यमुनाच्या हातून आरसा पडला.

"ऐका हो ऐका! आबासाहेब, तू पाटलांच्या भिताडावर थुकलास. गावाला रुचलं न्हाई. पुन्हा करू नगंस. चुकलं म्हण!"

आबासाहेबांचा चेहरा पिंकेच्या रंगाचा झाला. गेनबा गुळाचा खडा हातात धरून वाट बघत राहिला. आबासाहेब उठले. चप्पल घातली. "सुपारी आता नको," ते म्हणाले. "भैरोबाच्या जत्रेला येईन, तेव्हा काय ते सांगेन." पुरणपोळीला न शिवता ते निघून गेले.

यमुना आत हुंदके देत होती. पाटील गेनबावर ओरडले. "माणसाची अब्रू चारचौघांत काढतात का रे? त्याला बाजूला घ्यायचं! एकांतात न्यायचं! कानात सांगायचं, हळू!" आणि मग ते हळूच, दात खाऊन म्हणाले, "आता एक चूक. एक जरी झाली, तर हा थाळा जयवंताचा."

घरी येऊन गेनबाने सगुणाला सगळं सांगितलं. सगुणाने आधी चुलीकडे पाहिलं. "आता काय सांगितलंय त्यांनी?" तिने विचारलं.

"बाजूला घ्यायचं. हळू बोलायचं."

"मग तेवढं तरी करा," ती म्हणाली.

त्याने केलं. चारच दिवसांनी गावातली तरणी पोरं पाटलांच्या कडब्याच्या गंजीला लागून जाळ करून हरभऱ्याचा हुळा भाजत बसली होती. पाटलांना दुरून धूर दिसला. "गेन्या, ती पोरं माझी गंज पेटवतील! जा, ताकीद दे त्यांना!"

गेनबा गेला. थाळा वाजवला नाही. ओरडला नाही. त्याने पहिल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला विहिरीमागे नेलं आणि कानात म्हणाला, "गंजीपाशी जाळ करू नगंस. चुकलं म्हण." पोराने "चुकलं" म्हणून गूळ खाल्ला. मग गेनबा दुसऱ्याला घेऊन गेला. मग तिसऱ्याला. तोवर वारा सुटला.

"गेनबा! गंज पेटली!" पोरं किंचाळली.

गेनबाने विहिरीमागून डोकं काढलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू. एकांत चाललाय."

शेवटच्या पोराला गूळ मिळाला तेव्हा गंजीच्या जागी काळा गोल उरला होता. आणि सगळ्यांनी गूळ खाल्ल्यामुळे पाटलांना पोरांना शिव्यासुद्धा देता येईनात. ते त्या काळ्या गोलात उभे राहिले आणि शांत आवाजात बोलले. पाटील शांत बोलले की गाव घाबरायचा.

"गेनबा, तुला काही म्हणजे काही कळत नाही. आता ताकीद तुलाच. जत्रेत, सगळ्या गावासमोर. ताकीद झाली की थाळा देवापुढे ठेवायचा. जयवंता उचलेल."

"पर मला ताकीद देणार कोण जी?" गेनबाने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. थाळा ज्याच्याकडे, ताकीद त्यानेच द्यायची, अशी रीत होती. खुद्द पाटलांनाही देता यायची नाही.

"तूच दे तुला!" पाटील म्हणाले. "आणि नीट दे. आजवर मी जे जे सांगितलं, ते सगळं ध्यानात ठेवून दे!"

हे शेवटचं वाक्य पाटील बोलले नसते तर फार बरं झालं असतं.

जत्रेच्या सकाळी सगुणाने थाळा शेवटचा घासला. घासता घासता तिला रडू आलं. पुढच्या सुगीला खळ्यावर कुणी आपल्याला हाक मारणार नाही, हे तिला दिसत होतं. तिला रडताना बघून गेनबालाही रडू आलं. बापाच्या हाताने गुळगुळीत झालेली टिपरी त्याने धोतराला पुसली आणि तो निघाला.

भैरोबाच्या देवळापुढे मुंगीला वाट नव्हती. पाटील पायरीवर उभे होते, आखूड सदऱ्यात. शेजारी जयवंता नवा फेटा बांधून. एका बाजूला आबासाहेब निकम हाताची घडी घालून बसले होते. बायकांच्या घोळक्यात यमुना खाली मान घालून उभी होती आणि तिच्या मागे सगुणा.

गेनबाने थाळा वाजवला. "ऐका हो ऐका! गेनबा, हायस का?"

मग तो उडी मारून समोरच्या बाजूला गेला आणि हात जोडले. "हाय जी."

पुन्हा उडी मारून इकडे आला. "गेनबा, तू शेळीला ताकीद दिलीस. शिंपिणीला दिलीस. कांदा वाळवलास, पावण्याला घालवलंस आन् गंज जाळलीस. गावाला रुचलं न्हाई. पर आधी तुझं म्हणणं सांग. पूर्ण सांग. मी मधी तोंड घालणार न्हाई."

तिकडे उडी. "जी, मला पाटलांनी जसं सांगितलं तस्संच म्या केलं. आपल्या मनाचं काय बी घातलं न्हाई. कुठलं सांगणं कुठं लावायचं ते मला कळत न्हाई. पाटीलच म्हणत्यात, तुला काही म्हणजे काही कळत न्हाई."

इकडे उडी. पण या वेळी टिपरी हवेत तशीच राहिली. गाव बघत होता. गेनबा विचार करत होता, आणि ते दृश्य कुणी आधी पाहिलं नव्हतं.

"कळत न्हाई?" त्याने स्वतःला विचारलं.

"न्हाई जी."

"मग तुला ताकीद देऊन काय उपयोग? कळत न्हाई त्याची ताकीद त्याला सांभाळणाऱ्याला. शेळीच्या वक्ताला ठरलंय. तुला दाणापाणी कोण घालतं?"

तिकडे उडी. "खळ्यावरचं धान्य पाटील देत्यात जी."

गेनबा पायरीकडे वळला. समोर कोण आहे हे बघायचं नव्हतंच. तिथल्या तिथे सांगायचं होतं. पण चारचौघांत अब्रू काढायची नव्हती, हेही त्याच्या ध्यानात होतं. म्हणून त्याने थाळा डोक्याच्या वर धरला आणि आजवर वाजवला नव्हता इतक्या जोराने वाजवला. पाळणे थांबले. पिपाण्या थांबल्या. कुस्तीतले पैलवान एकमेकांना धरून तसेच उभे राहिले.

"ऐका हो ऐका!" गेनबा ओरडला. "पाटलांना एकांतात ताकीद द्यायची हाय! कुणीबी ऐकू नका!"

सगळी जत्रा चिडीचूप झाली. तान्ही पोरंसुद्धा. गेनबा पायऱ्या चढला आणि पाटलांच्या कानाशी तोंड नेऊन हळूच बोलला. त्या शांततेत ते पार ओढ्याच्या पलीकडे ऐकू गेलं.

"पाटील, तुमचं सांगणं एकेक चांगलं हुतं. पर ज्याला कळत न्हाई त्यालाच तुमी सांगत राहिलात, आन् त्याच्यावरच चिडत राहिलात. गावाला रुचलं न्हाई. पुन्हा करू नका. चुकलं म्हणा."

पाटलांच्या मानेच्या शिरा फुगल्या. "चुकलं?" ते गरजले. "माझं? हो, चुकलंच माझं! तुझ्या हातात थाळा दिला तेव्हाच माझं चु..."

तोंड चांगलं मोठं उघडलेलं होतं. गेनबाने गुळाचा खडा आत घातला.

जत्रेत कोण आधी हसलं ते सांगता यायचं नाही. पण सगळ्यात मोठ्याने हसले ते आबासाहेब निकम. हसता हसता ते उठले, डोळे पुसले आणि पायरीशी आले. "गेनबा," ते म्हणाले, "मला वाटलं होतं, या गावात पाहुण्याचाच असा मान राखतात. इथं तर पाटलालाही सोडत नाहीत. त्या दिवशी माझा गूळ तसाच राहिला बघ. भिंतीवर थुंकलो, चुकलं." आणि त्यांनी आ केला.

गेनबाने त्यांनाही गूळ दिला. बायकांच्या घोळक्यात यमुनाने मान वर केली. तिथल्या तिथे देवापुढे सुपारी फुटली.

जयवंता फेटा सावरत पुढे आला. "दाजी, मग थाळ्याचं काय?"

पाटलांनी काहीतरी उत्तर दिलं, पण गुळाचा खडा मोठा होता. त्यांनी नुसते दोन्ही हात जोडले. कुणाला, ते कळलं नाही.

"गूळ खाल्लाय न्हवं त्यांनी!" मागून सगुणा ओरडली.

"पाटील," गेनबाने काळजीने विचारलं, "मग माझी ताकीद आता कधी द्यायची?"

तेव्हा त्या थाळ्याचं पुढे काय झालं, ते मला विचारू नका. गूळ खाल्ल्यावर ती गोष्ट पुन्हा काढायची नाही, अशी त्या गावाची रीत आहे. एवढंच सांगतो, सगुणाने दुसऱ्या दिवशी सकाळी चिंच भिजत घातली होती.